व्हेनिसला गेलेला मराठी चित्रपट फोंड्याला कधी येणार?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणे यांच्यावर पानभर लेख आला. कौतुक मनापासून केलेलं होतं, त्याबद्दल वाद नाही. पण लेख वाचून कुणालाही वाटेल की मुंबईतल्या एका मराठी मुलाने सत्ताविसाव्या वर्षी 'कोर्ट' हा पहिला चित्रपट काढला, तो व्हेनिसच्या महोत्सवाला पाठवला आणि दोन बक्षिसं घेऊन तो घरी आला. लेखात मुंबई आहे, व्हेनिस आहे. मधली वाट कुठे दिसत नाही. त्या वाटेने जायची इच्छा असलेली पोरं आमच्या अंत्रुज महालातही, म्हणजे फोंडा तालुक्यातही, आहेत, आणि त्यांना नेमकी तीच हवी आहे.

माझा या विषयाशी संबंध काय, ते आधी सांगतो. मी फोंड्यातल्या एका चित्रपटगृहात ऑपरेटर होतो. ते थिएटर केव्हाच बंद पडलं. आमच्या वेळी चित्रपट म्हणजे पत्र्याच्या पेट्यांतून आलेली चौदा-सोळा रिळं. दोन-दोन जोडून एका स्पूलवर चढवायची, म्हणजे एक स्पूल वीस-बावीस मिनिटं चालायचं. मशीनं दोन. एकावरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात गोल ठिपका चमकतो. त्या ठिपक्याला दुसऱ्या मशीनची मोटर सुरू करायची, काही सेकंदांनी दुसरा ठिपका आला की झडप बदलायची. खाली बसलेल्या माणसाला पत्ताही लागता कामा नये. तिकडे कार्बनच्या कांड्या जळून आखूड होत असतात, त्यांच्यातलं अंतर हाताने सांभाळायचं. नाही सांभाळलं तर पडदा पिवळा पडतो आणि खालून आमच्या खानदानाचा उद्धार होतो. या नोकरीत मी चित्रपट कमी आणि भिंतीतल्या खिडकीतून प्रेक्षकांची डोकी जास्त बघितली. चित्रपट कुठे पकडतो आणि कुठे सोडतो, हे पडद्यापेक्षा त्या डोक्यांवरून लवकर कळतं.

आता वाटेकडे येतो. माझा धाकटा पुतण्या मोबाईलवर लघुपट काढतो. आपला लेख त्याला वाचायला दिला तर तो म्हणाला, "काका, तांची ओळख आसता, म्हूण जाता." त्याच्या वयाच्या निम्म्या पोरांचा हाच समज आहे. ताम्हाणे यांची गोष्ट नीट बघितली तर ओळख शेवटी येते, आधी बरीच वर्षं जातात.

हा माणूस १९८७ चा, मुंबईचा. कॉलेजच्या वयात टीव्ही मालिकांसाठी लिहीत होता. २००६ मध्ये आपल्या सिनेमातल्या नकलेगिरीवर त्याने एक माहितीपट केला. मग एक नाटक लिहिलं आणि स्वतःच बसवलं. मग दार्जिलिंगच्या चहाभोवती फिरणारा एक लघुपट केला, तो परदेशातल्या महोत्सवांत दाखवला गेला. म्हणजे बाहेरची पहिली खिडकी उघडली ती लघुपटाने. एवढं होऊनही पुढच्या चित्रपटासाठी खिशात काही नव्हतं. तेव्हा त्याच्या नाटकात काम केलेले नट विवेक गोंबर पुढे आले. तू बसून लिही, दरमहा खर्चाचे पैसे मी देतो, असं त्यांनी सांगितलं आणि पुढे निर्मातेही तेच झाले. ओळख म्हणायची तर ही. ती पार्टीत झाली नाही, तालमीत झाली.

त्यानंतरचा काळ खालच्या कोर्टांत जाऊन बसण्यात गेला. कोर्टातला कारकून कागद कसा पुढे सरकवतो, साक्षीदाराला प्रश्न समजला नाही तर काय होतं, तारीख कशी पडते, हे सगळं तिथे बसून टिपलेलं आहे. रॉटरडॅमच्या महोत्सवाचा ह्युबर्ट बाल्स नावाचा एक निधी आहे. जिथे पैसा उभा राहत नाही अशा देशांतल्या दिग्दर्शकांना तो मदत करतो, त्याचं पाठबळ 'कोर्ट'ला मिळालं. असा निधी मागायचा तर पटकथा, आपल्याला काय दाखवायचंय ते सांगणारं टिपण आणि खर्चाचा हिशेब मांडून अर्ज करावा लागतो. हे पोरांना कुणी शिकवत नाही. आमच्याकडे कॅमेरा कुठला घ्यायचा यावर तासभर चर्चा होते, अर्ज कसा लिहायचा यावर पाच मिनिटंही नाही.

मग नट शोधण्यात पुन्हा महिने. पडद्यावर आधी कधी न दिसलेली माणसं त्यात भरपूर आहेत. ज्या शाहिरावर खटला चालतो त्या नारायण कांबळेचं काम केलं वीरा साथीदार यांनी. ते स्वतः चळवळीतले कार्यकर्ते होते, २०२१ मध्ये कोरोनाने गेले. मॅनहोल साफ करणारा एक कामगार मरतो आणि तुझ्या गाण्यामुळे त्याने आत्महत्या केली, असा आरोप या म्हाताऱ्या शाहिरावर येतो. कथा एवढीच. सप्टेंबर २०१४ मध्ये व्हेनिसला 'होरायझन्स' विभागातला सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि पदार्पणातल्या दिग्दर्शकाचा 'लायन ऑफ द फ्युचर', ही दोन्ही बक्षिसं त्याला मिळाली. पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं आणि भारतातर्फे तो ऑस्करला पाठवला गेला.

'कोर्ट'मधली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. कॅमेरा एका जागी उभा असतो आणि हलत नाही. गीतांजली कुलकर्णी सरकारी वकील झाल्या आहेत. कोर्टात कलमं वाचून दाखवणारी ही बाई संध्याकाळी लोकलने घरी जाते, मुलाला घेते, स्वयंपाकाला लागते. कॅमेरा त्या स्वयंपाकघरातही तसाच, कोर्टात उभा होता तसा. तिला चांगली म्हणत नाही, वाईट म्हणत नाही. शेवटाकडे कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागते, माणसं निघून जातात, दिवे बंद होतात आणि त्या काळोख्या खोलीवर कॅमेरा थांबून राहतो. कसलेल्या ऑपरेटरलासुद्धा तिथे वाटेल की रीळ संपलं, आता झडप बदला. आणि मग चित्रपट पुन्हा सुरू होतो, न्यायाधीश कुटुंबकबिल्यासह सहलीला गेलेले असतात. चित्रपट तिथे संपवायचा मोह कुणालाही झाला असता. ताम्हाण्यांना झाला नाही. का झाला नाही, ते सहलीचा भाग बघितल्यावर कळतं. इथे सांगत नाही, कारण आपल्या बहुतेक वाचकांनी तो बघितलेलाच नाही, आणि माझी तक्रार तीच आहे.

त्याआधी ताम्हाण्यांचा पुढचा चित्रपट, 'द डिसायपल'. 'कोर्ट'नंतर ताम्हाण्यांना एका घड्याळ कंपनीच्या योजनेतून उमेदवारीची संधी मिळाली. तिथे एकेका कलेतला जाणता कलावंत एका तरुणाला निवडतो आणि काही काळ बरोबर ठेवतो. मेक्सिकोचे दिग्दर्शक अल्फॉन्सो क्वारोन यांनी ताम्हाण्यांना निवडलं. क्वारोन यांच्या 'रोमा'चं काम चालू असताना हा मराठी मुलगा तिथे सेटवर होता. 'रोमा'ला २०१८ मध्ये व्हेनिसचा सुवर्णसिंह मिळाला. दोन वर्षांनी, २०२० मध्ये, 'द डिसायपल' व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेत गेला आणि क्वारोन त्याचे कार्यकारी निर्माते होते. मीरा नायर यांच्या २००१ च्या 'मान्सून वेडिंग'नंतर त्या स्पर्धेत उतरलेला हा पहिला भारतीय चित्रपट. पटकथेचं बक्षीस मिळालं, समीक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचंही मिळालं. भाषा मराठी. विषय शास्त्रीय गाणं शिकणाऱ्या एका मुलाचा, जो झिजतो पण मोठा गायक होत नाही.

या चित्रपटावर गोव्यात फारसं कुणी बोललं नाही, याचं मला नवल वाटतं. थोर गायिका केसरबाई केरकर आमच्या फोंडा तालुक्यातल्या केरीच्या. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर पृथ्वीवरचे आवाज पाठवले, त्यांत त्यांची भैरवी आहे. तशाच थोर गायिका मोगूबाई कुर्डीकर कुर्डीच्या, ते गाव साळावलीच्या धरणाखाली गेलं. 'द डिसायपल'मधल्या गुरुजींचं काम करणारे अरुण द्रविड हे स्वतः गायक, मोगूबाईंच्या कन्या किशोरी आमोणकर यांचे शिष्य. म्हणजे व्हेनिसच्या पडद्यावर जो सूर लागला त्याचा एक धागा कुर्डीपर्यंत येऊन पोहोचतो. नायक रात्री मोटरसायकलवरून एकटा जाताना एका थोर गायिकेची जुनी प्रवचनं कानात ऐकत असतो. तो आवाज दिग्दर्शिका सुमित्रा भावे यांचा आहे. अंत्रुजात दर वाड्यावर असा एक तरी माणूस असतो, जो उमेदीत मुंबईला कुणाकडे तरी गाणं शिकला आणि आता देवळात सप्ताहाला पेटी वाजवतो. त्याच्यावरचा इतका खरा चित्रपट दुसरा नाही, आणि तो त्याच्यापर्यंत पोहोचलाच नाही. नेटफ्लिक्सवर आहे म्हणे. पुतण्याने मला तो मोबाईलवर दाखवायचा प्रयत्न केला. तंबोरा चालू आहे की बाहेर कुणाचा पंप, तेच कळेना. मी बंद करायला सांगितला.

या वाटेवरचा एक टप्पा आपल्या दारात आहे, हे कितीजणांना माहीत असेल? २००४ पासून इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, पणजीत होतो, ते सगळ्यांना ठाऊक आहे. बांदोडकर मार्गावरची रोषणाई, आयनॉक्सच्या आवारातली गर्दी, हे पेपरात येतं. पण २००७ पासून त्याच दिवसांत एनएफडीसीचा, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा, फिल्म बाजार भरतो. बरीच वर्षं तो मिरामारच्या एका मोठ्या हॉटेलात भरायचा, २०२५ पासून त्याच्या नावामागे 'वेव्हज' लागलं. तिथे लाल गालिचा नसतो. पटकथा घेऊन दिग्दर्शक एका टेबलावर बसतो आणि परदेशातले निर्माते एकामागून एक येऊन त्याचं म्हणणं ऐकतात. दुसऱ्या विभागात अजून पुरा न झालेला चित्रपट आणायचा असतो. महोत्सवांसाठी निवड करणारे लोक आणि संकलक तो बघतात आणि कुठे लांबलाय, कुठे कळत नाही, ते तोंडावर सांगतात. 'द लंचबॉक्स', 'तितली', 'तिथी' आणि आपला 'कोर्ट', हे सगळे या बाजाराच्या कुठल्या ना कुठल्या दालनातून गेलेले आहेत. म्हणजे व्हेनिसला जाणारी वाट मिरामारवरून गेली. आम्ही त्याच रस्त्याने कदंब बसमधून दोनापावलला जात होतो.

आणि ही वाट गोंयकारांनी चाललेलीच नाही असंही नाही. लक्ष्मीकांत शेटगांवकर यांचा कोंकणी 'पलतडचो मनीस' २००९ मध्ये टोरांटोला गेला आणि समीक्षकांच्या त्याच आंतरराष्ट्रीय संघटनेचं बक्षीस घेऊन आला. महाबळेश्वर सैल यांच्या कादंबरीवरचा तो चित्रपट, जंगलातला एक वनरक्षक आणि एक वेडसर बाई यांची गोष्ट. त्यालाही पैसा एनएफडीसीचाच. गोव्याबाहेरचं, अगदी अलीकडचं बघायचं तर रोहन परशुराम कानवडे यांचा 'साबर बोंडं'. हा माणूस फिल्म स्कूलला गेलेला नाही, वडील ड्रायव्हर, स्वतः घरांची अंतर्गत सजावट शिकलेला. वडील वारल्यावर गावी काढलेल्या सुतकाच्या दिवसांतून त्याला गोष्ट सुचली. ती एनएफडीसीच्या मराठी पटकथा शिबिरात आणि व्हेनिसच्या बिएनाले कॉलेज या कार्यशाळेत घासूनपुसून पुढे गेली, आणि जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक चित्रपटांच्या विभागातलं सर्वोच्च ज्युरी पारितोषिक मिळालं. शिबिर, प्रयोगशाळा, निधी, बाजार, मग महोत्सव. पुतण्याला मी हे कागदावर लिहून दिलं आणि ओळखीचा रकाना कोरा ठेवला.

आता तक्रार. हे चित्रपट आम्हाला सगळ्यांच्या शेवटी दिसतात, किंवा दिसतच नाहीत. पहिली अडचण मला समजते. व्हेनिससारखे महोत्सव मुख्य स्पर्धेत तोच चित्रपट घेतात जो आधी जगात कुठेही दाखवलेला नाही. त्यामुळे दिग्दर्शकाला इच्छा असूनही तो आधी आपल्या गावात लावता येत नाही. 'कोर्ट' सप्टेंबर २०१४ मध्ये व्हेनिसला दिसला, आपल्याकडे लागला एप्रिल २०१५ मध्ये. ठीक आहे, सात महिने थांबू. पण त्यानंतर काय? एका मल्टिप्लेक्सच्या मॅनेजरला मी असा एक चित्रपट लावण्याविषयी विचारलं होतं. गृहस्थ सज्जन, चहा पाजला आणि म्हणाला, "काका, हें कोण पळयतलो?" म्हणजे हे बघणार कोण? मग शुक्रवारी सकाळचा एक खेळ लावला, ज्या वेळी माणूस एकतर कामावर असतो किंवा बाजारात. सोमवारी काढून टाकला.

कोण पळयतलो, हा प्रश्न गोव्यात विचारावा याचं मला हसू येतं. आमच्याकडे जत्रेचं नाटक रात्री अकराला उभं राहतं आणि पहाटेपर्यंत चालतं. संगीत नाटकातलं पद तीनदा 'वन्स मोअर' घेतं आणि एक माणूस उठत नाही. 'संथ' चित्रपट बघायला आम्हाला दम नाही असं कोण म्हणतो? प्रभातचा 'संत तुकाराम' १९३६ चा. दामले-फत्तेलाल यांचा तो चित्रपट १९३७ मध्ये व्हेनिसला गौरवला गेला, आणि तोच मुंबईत एका थिएटरात वर्षाहून अधिक काळ चालला. आमच्या थिएटरला आषाढीच्या सुमारास मॅटिनीला त्याची प्रिंट यायची, ओरखड्यांनी भरलेली, ठिकठिकाणी जोडलेली. बायका हात जोडून बसायच्या. मी वरून सांधे तुटू नयेत म्हणून देवाचा धावा करायचो. तेव्हा व्हेनिसचा चित्रपट वेगळा आणि फोंड्याचा वेगळा, असं कुणी सांगितलं नव्हतं.

सरकारला माझी सूचना साधी आहे. फोंड्यात राजीव गांधी कला मंदिर आहे. मडगाव, साखळी, कुडचडे, वास्को इथे रवींद्र भवनं आहेत. महिन्यातली एक ठरलेली संध्याकाळ, समजा दुसरा शनिवार, मराठी आणि कोंकणी महोत्सवी चित्रपटांना द्यावी. तिकीट पन्नास-शंभर रुपये ठेवा, फुकट नको. फुकटाला माणूस अर्ध्यावर उठतो. खेळ संपल्यावर दिग्दर्शक येऊ शकला तर उत्तम, नाहीतर त्या बाजारात जाऊन आलेल्या इथल्याच एखाद्या मुलाला अर्ध्या तासासाठी बोलवा आणि अर्ज कसा लिहिला ते सांगायला लावा. 'कोर्ट'मध्ये मराठीबरोबर हिंदी, गुजराती, इंग्रजीही आहे आणि खालच्या पट्ट्या इंग्रजीत असतात. त्या मराठीत करून घेतल्या तर आमच्या वयाच्या बायाबापड्याही येतील.

एक गोष्ट मात्र धंद्यातला माणूस म्हणून बजावून सांगतो. हॉल आहे म्हणजे चित्रपट दाखवता येतो असं नाही. नाटकाच्या सभागृहात पडदा टांगून ऑफिसातला प्रोजेक्टर लावला की 'कोर्ट'मधली ती काळोखी खोली राखाडी दिसणार आणि तंबोऱ्याची घरघर होणार. आता चित्रपट हार्डडिस्कवर येतो, ती उघडायला ठराविक तारखांपुरती किल्ली वेगळी पाठवली जाते, आणि ती किल्ली ठरलेल्या यंत्रालाच लागते. तसं यंत्र एकदा घ्यावं लागेल. खर्च आहे, पण रोषणाईला होतो त्यापुढे जड नाही. आणि वीज वाचवायला दिवा मंद ठेवायची जी सवय बऱ्याच ठिकाणी लागली आहे, ती पहिल्या दिवसापासून मोडायची. माणूस पडद्यावर काय आहे ते बघायला येतो, अंदाज करायला नाही.

यंत्र आलं आणि चालवायला माणूस मिळत नसेल तर मला कळवावं, डिजिटलचं शिकून घ्यायला मला आठवडा पुरेल. मानधन नको. दिवा तेवढा नवा घाला.

आपला,
एक निवृत्त सिनेमा ऑपरेटर,
म्हार्दोळ, फोंडा-गोवा